पंचगंगेच्या काठावरची इचलकरंजी दुसऱ्याच्या नदीचं पाणी का मागते?

इचलकरंजी शहर पंचगंगेच्या काठावर आहे. पावसाळ्यात तर नदी थेट गावभागात येऊन उभी राहते. तरीही उन्हाळ्यात याच शहरात बायका-माणसं घागरी, बॅरल घेऊन टँकरची वाट बघत बसतात. अनेक भागांत नळाला काही दिवसांआड पाणी येतं. महापालिकेच्या बैठका पाण्यावरून गाजतात, मोर्चे निघतात, आणि शहराने दुसऱ्या नदीचं पाणी मागितलं की त्या नदीकाठची गावं रस्त्यावर उतरतात.

शिरोळ, कागल, हातकणंगले तालुक्यांतल्या गावांना हा वाद नवा नाही. दानोळी म्हटलं की वारणा आठवते आणि सुळकूड म्हटलं की दूधगंगा. पण दारात नदी असताना शहराला दुसऱ्याच्या नदीकडे का जावं लागतं, हे समजायचं असेल तर आधी हे शहर कसं उभं राहिलं ते बघायला हवं. या शहराची भरभराट आणि त्याची तहान, दोन्ही एकाच धंद्यात अडकलेल्या आहेत. मात्र सगळा दोष त्या धंद्यावर टाकणंही बरोबर नाही.

जहागिरीचं गाव

इचलकरंजी ही मूळची घोरपड्यांची जहागीर. घराण्याचे मूळ पुरुष नारो महादेव जोशी हे सेनापती संताजी घोरपडे यांच्या पदरी होते. संताजींवरच्या निष्ठेपोटी त्यांनी घोरपडे हे आडनाव लावलं, असा इतिहास आहे. पुढे या घराण्याची सोयरीक थेट पेशव्यांशी झाली. बाळाजी विश्वनाथ पेशव्यांची मुलगी, म्हणजे पहिल्या बाजीरावांची बहीण अनुबाई, ही इचलकरंजीच्या व्यंकटराव घोरपड्यांना दिली होती.

इंग्रजी अमलात ही जहागीर कोल्हापूर संस्थानाच्या अखत्यारीत राहिली. गाव लहान होतं, पण दरबाराला विद्येची आणि कलेची आवड होती. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणणारे पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर हे याच दरबारचे गवई. त्यांचे शिष्य विष्णू दिगंबर पलुस्कर यांनी पुढे शास्त्रीय संगीत देशभर पोचवलं. १८९३ साली इथे नगरपालिका आली. म्हणजे आज महापालिका असलेल्या या शहराचा नागरी कारभार सव्वाशे वर्षांहून जुना आहे.

त्या काळात विणकाम होतं, पण हातमागावरचं. साळी, कोष्टी, देवांग, मोमीन अशा विणकर समाजातली घरं लुगडी, धोतरं विणायची. घरातले पुरुष मागावर बसायचे, बायका-पोरं सूत उकलणं, कांड्या भरणं अशी कामं करायची. नदी जवळ असल्याने सूत धुवायला, रंगवायला पाण्याची अडचण नव्हती.

१९०४: पहिला यंत्रमाग

शहराचं नशीब बदललं ते १९०४ साली. विठ्ठलराव दातार यांनी त्या वर्षी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला. संस्थानाधिपती नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांनी उद्योगाला पाठबळ दिलं. हातमागावर दिवसभर बसून जितकं कापड निघायचं, त्याच्या कितीतरी पट कापड यंत्रमागावर निघू लागलं. एकाचं बघून दुसऱ्याने माग टाकला, दुसऱ्याचं बघून तिसऱ्याने.

या वाढीत एक गोष्ट वेगळी होती. मुंबईत कापडाच्या मोठमोठ्या गिरण्या उभ्या राहिल्या. तिथे एक मालक आणि हाताखाली हजारो कामगार, असा प्रकार होता. इचलकरंजीत मात्र माग घराघरांत गेले. कुणाचे चार, कुणाचे आठ, कुणाचे चोवीस. खालच्या मजल्यावर माग आणि वरच्या मजल्यावर घर, अशी वस्तीच तयार झाली. काल मागावर काम करणारा माणूस आज कर्ज काढून दोन माग घेतो आणि मालक होतो, हे इथे अनेक पिढ्यांनी बघितलं. मुंबईच्या गिरण्या १९८२ च्या संपानंतर एकामागून एक बंद पडत गेल्या, पण इचलकरंजीचे माग चालू राहिले, यामागे हेही एक कारण आहे.

स्वातंत्र्यानंतर सहकाराने या वाढीला जोर दिला. दत्ताजीराव कदम, कल्लाप्पाण्णा आवाडे यांच्यासारख्या नेत्यांच्या काळात सहकारी सूतगिरण्या, बँका, साखर कारखाने उभे राहिले. डेक्कन सहकारी सूतगिरणीमुळे सूत गावातच मिळू लागलं. १९८२ साली डीकेटीई ही वस्त्रोद्योगाचं शिक्षण देणारी संस्था सुरू झाली आणि घोरपड्यांच्या राजवाड्यात अभियांत्रिकीचे वर्ग भरू लागले. १९७४ साली पु. ल. देशपांडे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच गावात भरलं होतं. महाराष्ट्राचं मँचेस्टर हे नाव शहराला पडलं ते या भरभराटीमुळे.

सुतापासून कापडापर्यंत

बाहेरून आलेल्या माणसाला इचलकरंजीत आधी मागाचा खडखडाट ऐकू येतो. गल्लीत शिरलं की दोन्ही बाजूंनी धोट्याचा ठोका. तो आवाज दिवसा असतो, रात्रीही असतो. वीज गेली की एकदम शांतता पसरते आणि झोपलेली माणसं त्या शांततेनेच जागी होतात, असं इथे गमतीने सांगतात.

या आवाजामागे कामाची मोठी साखळी आहे. सूत आलं की आधी त्याचे उभे धागे एकसारखे गुंडाळले जातात. मग ते सायझिंगला जातात. तिथे धाग्याला खळ लावतात, म्हणजे मागावर ताण बसला तरी धागा तुटत नाही. त्यानंतर भरलेला बीम मागावर चढतो. बीमाचे शेकडो धागे फणीतून ओवायचं बारीक काम वहिफणी कामगार करतात. आडव्या धाग्यासाठी लागणाऱ्या कांड्या भरायचं काम बहुतेक बायकांकडे असतं. माग बिघडला तर जॉबर येतो. हिशेब दिवाणजी बघतो. तयार झालेल्या कोऱ्या कापडाला ग्रे कापड म्हणतात.

मालकांतही दोन जाती आहेत. एक स्वतः सूत विकत घेऊन, कापड विणून, बाजारात विकणारा. दुसरा खर्चीवाला. तो व्यापाऱ्याकडून सूत घेतो आणि विणून देतो, त्याला फक्त मजुरी मिळते. बाजार चढला तर फायदा व्यापाऱ्याचा, पण बाजार पडला की खर्चीवाल्याचं काम आधी थांबतं. शहरातल्या लहान मागवाल्यांपैकी पुष्कळजण या खर्चीवर जगतात.

कामगाराचा पगारही समजून घेण्यासारखा आहे. तो महिन्यावर नसतो, मीटरवर असतो. कापडाच्या एका इंचात किती आडवे धागे बसतात त्याला पीक म्हणतात. पीक जास्त तर कापड दाट आणि विणायला वेळ जास्त. इचलकरंजीत मजुरीचा करार ५२ पीक धरून होतो आणि बाकी कापडाचा दर त्या हिशेबाने ठरतो. एक कामगार एकाच वेळी अनेक माग सांभाळतो, पाळी बारा-बारा तासांची असते. मजुरीवाढीसाठी इथे मोठे संप झालेत. २०१५ साली सायझिंग कामगारांनी किमान वेतनासाठी केलेला संप कित्येक आठवडे चालला. सायझिंग बंद म्हणजे बीम नाही आणि बीम नाही म्हणजे माग बंद. साखळीतली एक कडी थांबली की अख्खं शहर कसं थांबतं, ते तेव्हा दिसलं.

शहर एवढंच नाही

इचलकरंजीचा यंत्रमाग आता शहराच्या हद्दीत मावत नाही. कबनूर, चंदूर, कोरोची, तारदाळ, खोतवाडी, यड्राव या गावांतही माग, सायझिंग आणि औद्योगिक वसाहती आहेत. सगळा परिसर धरला तर मागांची संख्या लाखाच्या घरात जाते. शेती कमी पडली की या गावांतला तरुण मागावर जातो. पहाटे सायकलवर, दुचाकीवर, वडापने शहरात येणारी आणि रात्री परत जाणारी माणसं आजूबाजूच्या गावागावांत आहेत.

लांबूनही माणसं आली. आधी सीमेपलीकडून कन्नड मुलखातून आणि सोलापूरकडून आली, व्यापारासाठी राजस्थानातून मारवाडी कुटुंबं आली, अलीकडे बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून कामगार आले. त्यामुळे एकाच गल्लीत मराठी, कन्नड, हिंदी, तेलुगू ऐकू येते. सण मात्र अजून गावातलेच आहेत. कर्नाटकी बेंदराला बैलांच्या लाकूड ओढण्याच्या शर्यती बघायला खेड्यापाड्यांतून गर्दी होते. कापडाच्या शहरात बैलाचा मान अजून टिकून आहे.

२०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे २ लाख ८७ हजार होती. २०२२ साली नगरपरिषदेची महापालिका झाली. इतक्या माणसांना रोज प्यायला, वापरायला पाणी लागतं. आणि अडचण नेमकी तिथेच आहे.

नदी कुठे आणि कशी बिघडते?

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त समजली जाणारी सरस्वती अशा पाच नद्यांची मिळून पंचगंगा होते. कोल्हापूरजवळ प्रयाग चिखलीला हा संगम आहे. तिथून नदी कोल्हापूर शहराला वळसा घालत पूर्वेकडे येते, इचलकरंजीजवळून जाते आणि नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. म्हणजे इचलकरंजी नदीच्या खालच्या अंगाला आहे. वरच्या गावांनी आणि शहरांनी नदीत जे सोडलं ते सगळं इथे पोचतं.

वरून काय येतं? कोल्हापूर शहराचं सांडपाणी येतं. जयंती नाला, दुधाळी नाला ही नावं जिल्ह्यात सगळ्यांना माहीत आहेत. सांडपाणी प्रक्रिया केंद्रं झाली, पण नाले भरून वाहिले की मैला थेट नदीत जातो. काठावरच्या बहुतेक गावांत गटारं आहेत, पण गटाराच्या पाण्यावर प्रक्रिया नाही. साखर कारखान्यांच्या पाण्याच्या तक्रारी दर हंगामात होतात. शेतातली खतं, औषधं पावसाबरोबर वाहून येतात ती वेगळीच.

मग इचलकरंजीचा वाटा येतो. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. नुसता माग चालवायला फार पाणी लागत नाही आणि तो नदी रंगवतही नाही. पाणी लागतं ते आधी सायझिंगला आणि सर्वांत जास्त प्रोसेसला, म्हणजे कापड धुणं, पांढरं करणं, रंगवणं या कामाला. मागावर चढताना धाग्याला जी खळ लावलेली असते ती इथे काढावी लागते. मग कॉस्टिक सोडा, ब्लीच, रंग, मीठ असं सगळं वापरलं जातं. कापड धुऊन निघतं आणि हे सगळं पाण्यात उरतं.

खळ म्हणजे स्टार्च, ती तर पिठासारखीच. मग तिने काय बिघडतं? खळ पाण्यात गेली की जंतू ती खातात आणि खाताना पाण्यातला प्राणवायू संपवतात. मैल्याचंही तसंच होतं. प्राणवायू संपला की मासे गुदमरतात. रंगाचं आणि मिठाचं दुखणं वेगळं आहे. मीठ साध्या प्रक्रियेने निघत नाही, पाणी स्वच्छ दिसलं तरी ते त्यात राहतं आणि असं पाणी वर्षानुवर्षं शेताला दिलं तर जमीन बिघडते.

प्रोसेसच्या पाण्यासाठी शहरात सामुदायिक प्रक्रिया केंद्र आहे. त्याची क्षमता दिवसाला १२ दशलक्ष लिटर. पण शहरातून वाहणाऱ्या काळ्या ओढ्याकडे बघितलं की सगळंच पाणी केंद्रात जात नाही हे कळतं. त्या ओढ्यात कारखान्यांचं पाणी असतं आणि घराघरांतलं सांडपाणीही असतं. म्हणून फक्त प्रोसेसवाल्यांकडे बोट दाखवून शहर मोकळं होऊ शकत नाही.

इचलकरंजीचं सगळं कापड इथेच रंगत नाही, हेही लक्षात घ्यायला हवं. बरंचसं ग्रे कापड राजस्थानात बालोतरा, पालीकडे आणि गुजरातेत अहमदाबादकडे जातं. बालोतऱ्याची लुणी आणि पालीची बांडी या नद्याही कापडाच्या रंगानेच बिघडल्यात. पंचगंगेचं दुखणं एकट्या पंचगंगेचं नाही.

बंधारा, केंदाळ आणि मेलेले मासे

पंचगंगेवर ठिकठिकाणी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ ही त्यांतली काही नावं. पावसाळा संपला की बरगे घालून पाणी अडवतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर बरगे काढतात. शेतीला या बंधाऱ्यांचा मोठा आधार आहे. त्यांच्याशिवाय काठावरचा ऊस उभा राहिला नसता.

पण वाहती नदी स्वतःला थोडीफार धुऊन घेते, अडवलेलं पाणी तसं करू शकत नाही. बंधाऱ्यामागे मैला आणि रसायनं साचतात. त्यातल्या खतावर केंदाळ माजतं. हिरवागार गालिचा पसरल्यासारखा दिसतो, पण त्याखाली सूर्यप्रकाश पोचत नाही आणि हवाही नीट मिसळत नाही. वरच्या बंधाऱ्यातून साचलेलं पाणी एकदम सोडलं की तो काळा लोंढा खाली येतो आणि तेरवाड, शिरोळच्या बंधाऱ्यांजवळ मासे तडफडून वर येतात. मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या शिरोळ तालुक्याने किती वेळा वाचल्यात याची गणतीच नाही. दरवेळी पंचनामा होतो, पाण्याचे नमुने घेतले जातात, नोटिसा निघतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच होतं.

खाली नृसिंहवाडीला दत्ताच्या दर्शनाला येणारा भाविक याच पाण्याच्या संगमावर स्नान करतो. काठावरचा शेतकरी हेच पाणी उपसून शेताला देतो. पुष्कळ गावांच्या नळालाही याच नदीचं पाणी आहे. शहराला निदान दुसरी नदी मागता येते, या गावांना तीही सोय नाही.

२०१२ ची कावीळ

पाणी बिघडलं तर काय होतं, हे इचलकरंजीने २०१२ च्या उन्हाळ्यात भोगलं. शहरात काविळीची साथ आली. हजारोंना लागण झाली, सरकारी आणि खाजगी दवाखाने भरून गेले आणि अनेकांचा जीव गेला. घरटी एखादा तरी आजारी, अशी काही भागांची अवस्था होती.

ही कावीळ पाण्यातून पसरणारी होती. आजारी माणसाच्या मैल्यातला विषाणू पिण्याच्या पाण्यात गेला की तो घरोघरी पोचतो. नदीच्या पाण्यात मैला मिसळला तर हा धोका येतो. नळाची पाइप गटारातून जात असेल, फुटकी असेल, तरीही येतो. पाणी रोज येत नसेल तर धोका आणखी वाढतो. पाणी बंद असताना रिकाम्या पाइपमध्ये बाहेरची घाण आत ओढली जाते आणि पाणी सुरू झालं की ती पहिल्या धारेबरोबर घरात येते. म्हणून साथीच्या दिवसांत पाणी उकळून प्या असं सांगतात. तुरटी फिरवली की पाणी निवळतं, पण विषाणू मरत नाही. तो उकळल्यावर मरतो.

त्या साथीनंतर पंचगंगेच्या प्रदूषणाचा विषय आंदोलनांपासून मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गाजला. शहरातल्या लोकांच्या मनात मात्र एक गोष्ट पक्की झाली. पंचगंगेचं पाणी प्यायचं नाही.

कृष्णा, वारणा, दूधगंगा

शहराने दुसऱ्या नदीकडे बघायला त्याआधीच सुरुवात केली होती. शिरोळ तालुक्यातल्या मजरेवाडीजवळून कृष्णेचं पाणी आणायची योजना झाली आणि आज शहराची मुख्य भिस्त तिच्यावरच आहे. पण लांबून येणारी ही पाइपलाइन जुनी झाली, गंजली आणि वारंवार फुटू लागली. पाइप फुटली की दुरुस्तीला दिवस जातात आणि काही दिवसांआड येणारं पाणी आणखी लांबतं. पाइप बदलायची कामं टप्प्याटप्प्याने होत राहिली.

मग अमृत योजनेतून वारणेचं पाणी आणायचं ठरलं. उपसा दानोळीतून होणार होता. दानोळी आणि वारणाकाठची गावं एकवटली, गाव बंद झालं, काम अडलं. ती योजना तिथून पुढे सरकली नाही. नंतर कागल तालुक्यातल्या सुळकूडमधून दूधगंगेचं पाणी आणायची सुमारे १६० कोटींची योजना मंजूर झाली. तिलाही दूधगंगाकाठच्या गावांनी विरोध केला. इकडे शहरात पाण्यासाठी आंदोलन आणि तिकडे पाणी न देण्यासाठी आंदोलन, दोन्ही एकाच जिल्ह्यात, एकाच वेळी.

नदीकाठच्या गावांचं म्हणणं साधं आहे. वारणेचं पाणी चांदोली धरणाचं आणि दूधगंगेचं काळम्मावाडीचं. त्यावर काठावरच्या शेतीचे हक्क आहेत, दूधगंगेच्या पाण्यात कर्नाटकचाही वाटा आहे. उन्हाळ्यात नदी आटली की शेतकऱ्याच्या मोटरीवर उपसाबंदी येते. मग शहराची पाइप चालू आणि आपली मोटर बंद, असं होणार ही त्यांची भीती आहे. शिवाय ते विचारतात, तुमची नदी तुम्ही घाण केली, ती आधी स्वच्छ का करत नाही? आमची नदी नेली तर पंचगंगा स्वच्छ करायची गरजच उरणार नाही.

शहराचं म्हणणंही टाकाऊ नाही. शहर पाणी मागतं ते पिण्यासाठी, आणि शासनाच्या धोरणातही पिण्याचं पाणी पहिलं येतं. शेतीला जे पाणी जातं त्याच्या मानाने शहराची पिण्याची मागणी थोडी आहे. पंचगंगा एकट्या इचलकरंजीने बिघडवलेली नाही, वरच्या सगळ्यांनी मिळून बिघडवली. नदी स्वच्छ व्हायला वर्षं लागतील, तोवर मागावर राबणाऱ्या माणसाने काय प्यायचं? टँकरपुढे रांगेत उभ्या असलेल्या कामगारातले पुष्कळजण याच शिरोळ, कागल, हातकणंगल्याच्या गावांतून आलेले आहेत.

एकीकडे महापूर

तहानेचं हे शहर महापुरातही बुडतं. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगा काठ सोडून गावभागात शिरली. घरांत पाणी, मागांत पाणी, सुताची बाचकी भिजलेली. माग पाण्यात राहिला की लोखंड गंजतं, मोटर जळते. आधीच मंदी, नोटबंदी आणि जीएसटीनंतरच्या उलाढालीत अनेकांनी साधे माग भंगाराच्या भावात विकले होते. ज्यांच्याकडे भांडवल होतं त्यांनी रेपियर, एअरजेटसारखे बिनधोट्याचे माग घेतले. चार-आठ मागांचा खर्चीवाला मात्र मागे पडत गेला.

पूर आला की नदीतली सगळी घाण वाहून जाते आणि पाणी ओसरल्यावर काही दिवस पंचगंगा खरी नदी वाटते. मग बरगे पडतात आणि पुन्हा केंदाळ.

कशावर लक्ष ठेवायचं?

पुढारी येतात, योजना जाहीर होतात. पण नदीकाठच्या माणसाला खरं काही होतंय का हे ओळखायचं असेल तर चार गोष्टी बघाव्यात.

पहिली, कोल्हापूर आणि इचलकरंजीच्या नाल्यांचं किती पाणी प्रक्रियेला जातं आणि किती थेट नदीत. केंद्र बांधलं एवढ्याने भागत नाही, ते रोज चालतं का, वीजबिलासाठी बंद पडत नाही ना, हे बघावं लागतं.

दुसरी, प्रोसेसचं पाणी पुन्हा वापरायची सोय. कारखान्याचं पाणी साफ करून तिथेच पुन्हा वापरलं तर नदीत सोडायला थोडंच उरतं. हे महाग आहे, लहान प्रोसेसवाल्याला एकट्याने परवडत नाही. म्हणून ते सगळ्यांनी मिळून आणि शासनाच्या मदतीने करावं लागतं.

तिसरी, काठावरच्या गावांचं सांडपाणी. गावापुरतं गटार होतं, पण त्याचं तोंड नदीतच उघडतं. ग्रामसभेत रस्त्याची मागणी होते तशी या पाण्याची मागणी क्वचितच होते. शहराला नावं ठेवताना आपल्या गावचा ओढा कुठे जातो, हेही विचारायला हवं.

चौथी, शहराच्या पाइपा. नदीतून उचललेलं पाणी नळापर्यंत पोचेपर्यंत किती गळतं, हे कळलं तर खरंच किती नवीन पाणी लागणार आहे ते कळेल. गळती थांबली तर मागणी कमी होईल, आणि दानोळी-सुळकूडच्या लोकांशी बोलताना शहराची बाजूही बळकट होईल.

१९०४ साली पहिला माग बसला तेव्हा नदीचं पाणी कुणी विकत घेत नव्हतं, त्यावर भांडणही होत नव्हतं. आज इचलकरंजीच्या गल्लीत मागाच्या दुकानाइतकीच फिल्टरच्या पाण्याची दुकानं दिसतात. कामावरून सुटलेला माणूस वीस लिटरचा जार सायकलला अडकवून घरी नेतो. घाटावर वरदविनायकाचं दर्शन घेणारी माणसं अजूनही नदीला हात जोडतात, पण ओंजळ भरून ते पाणी तोंडाला लावत नाहीत.